गोळ्या घ्याव्यात की पिशवी साफ करावी?

महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखाली 1964 साली समिती नेमली गेली आणि तिच्या अहवालातून 1971 चा वैद्यकीय गर्भपाताचा कायदा आला, इथवर मागच्या लेखात पाहिले. कायद्याची वाट मोकळी आहे हे कळल्यावर जळगाव जिल्ह्यातल्या पारोळ्याच्या बाईपुढे दुसरा प्रश्न उभा राहतो, तो थेट डॉक्टरांच्या टेबलासमोर. गोळ्या घ्यायच्या की पिशवी साफ करून घ्यायची? पुष्कळदा हे तिला विचारून ठरतच नाही. डॉक्टरांचा हात ज्याला सरावलेला असतो ते होते, नाहीतर सोबत आलेल्या नवऱ्याला किंवा सासूला जे बरे वाटते ते. खरे तर अठरा वर्षे पूर्ण झालेल्या बाईची एकटीची संमती कायद्याला पुरते. नवऱ्याची सही लागत नाही. म्हणूनच दोन्ही पद्धती तिला स्वतःला नीट समजल्या पाहिजेत.

गोळ्यांच्या पाकिटात पाच गोळ्या असतात. एक मिफेप्रिस्टोनची, 200 मिलिग्रॅमची, आणि चार मिसोप्रोस्टॉलच्या, प्रत्येकी 200 मायक्रोग्रॅमच्या. पहिली पाण्याबरोबर गिळायची. गर्भ टिकून राहावा म्हणून शरीरात प्रोजेस्टेरॉन नावाचे संप्रेरक काम करत असते. ही गोळी ते काम अडवते. एक-दोन दिवसांनी उरलेल्या चार गोळ्या डॉक्टर सांगतील तशा जिभेखाली, गालात किंवा योनीमार्गात ठेवायच्या. मग पिशवी आकुंचन पावू लागते, कळा येतात, अंगावरून जायला लागते आणि बहुतेकींचा गर्भ काही तासांत पडून जातो. थोडेथोडे जाणे मात्र आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही चालू राहते. फ्रान्समध्ये 1988 साली मान्यता मिळालेली मिफेप्रिस्टोन भारतात 2002 मध्ये आली आणि पाच गोळ्यांच्या एकत्र पाकिटाला 2008 मध्ये परवानगी मिळाली.

आपल्याकडे हे पाकीट नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायचे असते. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, आणि गफलत इथेच होते. पाळी चुकल्याचे लक्षात येते त्या दिवशी चार आठवडे आधीच सरलेले असतात. ‘एक पाळी चुकलीय, बघू पुढच्या महिन्यात’ म्हणणारी बाई पुढच्या महिन्यात आठ आठवड्यांवर असते, आणि गोळ्यांसाठी तिच्या हाती जेमतेम आठवडा उरतो.

दुसरी पद्धत म्हणजे गावात ज्याला सरसकट ‘क्युरेटिंग’ म्हणतात ती. पण या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. जुन्या पद्धतीत पिशवीचे तोंड रुंद करून धातूच्या क्युरेटने आतला थर खरवडत. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत सोडून द्या असे स्पष्ट सांगितले आहे. तिच्या जागी आली ती ओढून घेण्याची, म्हणजे व्हॅक्यूमची पद्धत. 60 मिलिलिटरची प्लॅस्टिकची सिरिंज आणि तिला जोडलेली बारीक नळी, एवढेच साहित्य. ती हाताने चालते, वीज नसली तरी अडत नाही. पिशवीच्या तोंडाशी भूल देणारे इंजेक्शन देतात, नळी आत सरकवतात आणि पाच-दहा मिनिटांत काम होते. काही तासांच्या देखरेखीनंतर बाई त्याच दिवशी घरी जाते. बारा आठवड्यांपर्यंत ही पद्धत सर्रास वापरतात. तेव्हा ‘क्युरेटिंग करू’ असे डॉक्टरांनी सांगितले, तर खरवडणार की ओढून घेणार, हे बाईने बेलाशक विचारावे.

यानंतरची पायरी पेशंटला दिसत नाही, पण दोन पद्धतींमधला मोठा फरक तिथे आहे. सिरिंजमध्ये आलेले सगळे गाळून स्वच्छ पाण्याच्या पारदर्शक भांड्यात सोडतात आणि खालून उजेड धरतात. गर्भाचे आवरण आणि पांढरट, पिसासारखे धागे दिसले की काम पूर्ण झाले. काहीच दिसले नाही, तर गर्भ पिशवीबाहेर गर्भनलिकेत तर नाही ना, ही शंका तिथल्या तिथे येते. गोळ्यांच्या बाबतीत हे घरी कोण पाहणार? म्हणून पंधराव्या दिवशी पुन्हा दवाखान्यात जाणे हा त्या उपचाराचाच भाग आहे. अंगावरून जायचे थांबले, आता कशाला जायचे, असे म्हणून ती फेरी चुकवू नये.

आकड्यांत पाहिले तर वेळेत घेतलेल्या गोळ्यांनी शंभरातल्या साधारण 95 ते 98 बायकांचे काम पूर्ण होते. उरलेल्यांची पिशवी शेवटी साफ करावी लागते. व्हॅक्यूमचे यश 99 टक्क्यांच्या आसपास आहे. पिशवीला इजा होणे किंवा जंतुसंसर्ग हे त्यातले धोके. सरावलेल्या हातात ते फार कमी. गोळ्या घेऊनही गर्भ वाढतच राहिला, तर ‘राहू दे आता’ म्हणणे धोक्याचे असते, कारण मिसोप्रोस्टॉलमुळे बाळात व्यंग येऊ शकते.

पण तालुक्याच्या खेड्यातल्या शेतमजूर बाईचा हिशेब या टक्क्यांवर थांबत नाही. एका खोलीत सहा माणसे, संडास बाहेर, त्यात कापूस वेचणीचे दिवस आणि घरात कोणाला सांगायची सोय नाही. अशा घरात दहा-बारा दिवस अंगावरून जाणे लपवणे कठीण. तिला एका दिवसात मोकळे करणारी सिरिंज सोयीची पडू शकते. उलट जिला टेबलावर झोपायची, तपासणीची धास्ती वाटते आणि जिच्या घरी आधार आहे, तिला गोळ्याच बऱ्या वाटतील. दोघींचेही बरोबर आहे.

मात्र काही ठिकाणी आवडनिवड चालत नाही. 2019 ते 2021 मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन आठच्या खाली असेल तर घरी गोळ्या घेणे धोक्याचे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, दीर्घकाळ स्टिरॉइड चालू असेल किंवा गर्भ गर्भनलिकेत असेल, तरीही गोळ्या नकोत. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते. त्यात अंतराचा मुद्दा येतो. पारोळ्याहून धुळे सुमारे 35 किलोमीटर, जळगाव त्याहून लांब; मोठी सरकारी रुग्णालये या दोन शहरांत. रात्री रक्तस्राव वाढला तर गाडी कोणाची, सोबत कोण, हे पहिली गोळी गिळण्याआधी ठरलेले हवे. तासाला दोन पॅड पूर्ण भिजताहेत आणि सलग दोन तास तसेच चालले, चक्कर येते, दिवस उलटला तरी ताप उतरत नाही किंवा घाण वासाचे जाते, तर सकाळची वाट पाहू नये.

या सगळ्यात आणखी एक अडथळा आहे, आणि तो माणसांनी उभा केलेला आहे. 2012 मध्ये बीड जिल्ह्यातल्या परळीचे आणि 2017 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या म्हैसाळचे स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघड झाले. लिंगनिदान करून मुलींचे गर्भ पाडणाऱ्यांवर कारवाई झालीच पाहिजे होती. 2011 च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 842 मुली होत्या. ही लाज खानदेशाने विसरू नये. पण त्या कारवाईच्या धाकाने राज्यातल्या अनेक मेडिकलवाल्यांनी गर्भपाताच्या गोळ्यांची ही पाकिटे ठेवणेच बंद केले. सोनोग्राफीत लिंग ओळखू येते ते साधारण बारा-चौदा आठवड्यांनंतर, आणि पाकिटाची मुदत नवव्या आठवड्याला संपते. वेळेत दिलेल्या गोळ्यांवर लिंगनिदानाचा संशय घेण्यात अर्थ नाही. त्याचा भुर्दंड वेळेत आलेल्या, चिठ्ठी हातात असलेल्या बाईला पडतो. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार 2015 साली भारतात अंदाजे 1 कोटी 56 लाख गर्भपात झाले आणि त्यातले 73 टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले. गोळ्या मिळवणाऱ्या बायका मिळवतातच. आठवडे मोजून देणारा, रक्त तपासणारा, पंधराव्या दिवशी पाहणारा माणूस तेवढा त्यांच्या वाट्याला येत नाही.

बारा आठवड्यांपुढे त्याच दिवशी घरी जाण्याचा पर्यायही उरत नाही. शस्त्रक्रिया असो वा औषधे, रुग्णालयात दाखल व्हावे लागते. 2021 च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एकाच पात्र डॉक्टरचे मत पुरते.

गर्भपातानंतर पुढची पाळी यायच्या आतही दिवस राहू शकतात, हे अनेकींना कोणी सांगितलेलेच नसते. व्हॅक्यूमनंतर तांबी त्याच वेळी बसवता येते. गोळ्या घेतलेल्या बाईला पिशवी मोकळी झाल्याची खात्री झाल्यावर बसवतात, म्हणजे तिच्यासाठी पंधराव्या दिवसाची फेरी आणखी एका कारणाने महत्त्वाची. वीस ते चोवीस आठवड्यांचा कायदा, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी मुंबईच्या एका दाम्पत्यासोबत गर्भपाताच्या परवानगीसाठी 2008 मध्ये उच्च न्यायालयात केलेली याचिका, हा पुढच्या आठवड्याच्या लेखाचा विषय आहे.