जुन्या परफ्यूमचे जतन

फ्रान्समधील व्हर्साय येथे १९९० साली स्थापन झालेल्या ऑस्मोथेक या संस्थेत सुमारे ४००० परफ्यूम सांभाळून ठेवलेले असून त्यांपैकी सुमारे ८०० आता बाजारात कोठेही मिळत नाहीत. ज्याँ पातू या कंपनीचे परफ्यूमकार ज्याँ केर्लेओ यांनी सहकाऱ्यांसह उभारलेल्या या संस्थेचे मोल मोठे आहे, कारण परफ्यूम ही हुंगल्याखेरीज न कळणारी कलाकृती असून वर्णन वाचून किंवा रिकामी बाटली पाहून तिचा अनुभव येत नाही.

परफ्यूम म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळवलेले अनेक सुगंधी घटकांचे मिश्रण होय आणि त्यातील प्रत्येक घटक आपापल्या गतीने बिघडतो. लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांच्या तेलांत लिमोनीन नावाचे द्रव्य मुबलक असते. त्याचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग झाला, की ताजा आंबटगोड वास जाऊन टर्पेंटाइनसारखा उग्र दर्प येऊ लागतो. उलट चंदन, वाळा, पॅचौली आणि राळेसारखी जड द्रव्ये दीर्घकाळ टिकतात. जुन्या बाटलीतील थेंब लावताच नाकाला खटकतो, पण काही मिनिटांनी मूळचा गंध उलगडू लागतो, तो यामुळेच. म्हणून पहिल्या वासावरून बाटली टाकून देणे घाईचे ठरते. द्रवाचा रंग गडद झाला म्हणजे तो खराबच झाला असेही नाही, कारण व्हॅनिलिनसारखे घटक काळाबरोबर स्वाभाविकपणेच तपकिरी छटा देतात. प्रकाशातील अतिनील किरण मात्र रेणूंचे बंध तोडतात आणि उष्णता या सर्व क्रियांचा वेग वाढवते.

ऑस्मोथेकमध्ये परफ्यूम अंधारात व १२ अंश सेल्सियस तापमानाला ठेवले जातात आणि बाटलीतील मोकळ्या जागेत आर्गॉन भरला जातो. आर्गॉन हा कशाशीही सहसा संयोग न पावणारा आणि हवेपेक्षा जड असलेला वायू असल्याने तो द्रवावर थर धरून राहतो व ऑक्सिजनला दूर ठेवतो. तरीही शतकापूर्वीचा द्रव जसाच्या तसा राहील याची हमी देता येत नाही, म्हणून मूळ सूत्र मिळवून परफ्यूम नव्याने सिद्ध करणे हा या कामाचा दुसरा आणि अधिक कठीण भाग आहे. कोटी या कंपनीचे १९१७ सालचे शिप्र हे परफ्यूम त्याचे ठळक उदाहरण होय. त्याचा पाया ओकमॉस, म्हणजे ओक वृक्षावर वाढणारे, मसाल्यातील दगडफुलाच्या जातकुळीचे शैवाक, हा आहे. परंतु त्यातील अ‍ॅट्रॅनॉल व क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल या त्वचेला अपाय करणाऱ्या घटकांवर युरोपीय संघाने २०१७ साली बंदी घातल्यामुळे बाजारातील परफ्यूममध्ये मूळ स्वरूपातील ओकमॉस वापरता येत नाही. सूत्र हाती असूनही गंध हरवू शकतो, तो असा. ऑस्मोथेकमधील नमुने विक्रीसाठी नसल्याने तेथे जुन्या पद्धतीने काम करण्यास वाव राहतो.

बंद बाटली किती टिकू शकते याचा पुरावा बर्म्युडाजवळ १८६४ साली बुडालेल्या मेरी सेलेस्टिया या जहाजाने दिला. त्याच्या अवशेषांत २०११ साली लंडनच्या पीस अँड ल्युबिन या कंपनीच्या बाटल्या मिळाल्या आणि दीडशे वर्षे समुद्राखाली राहूनही त्यातील सुगंधी द्रव्ये गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे मिश्रणातील घटक वेगळे करून ओळखण्याच्या पद्धतीने, तपासता आली.

घरातील बाटलीसाठीही तत्त्व हेच आहे. ती मूळ खोक्यात, बंद कपाटात ठेवावी. न्हाणीघर, खिडकीजवळचे टेबल किंवा मोटारगाडी या जागा टाळाव्यात. फ्रिजमध्ये ठेवण्यापेक्षाही तापमानातील चढउतार टाळणे अधिक महत्त्वाचे आहे. बाटली अर्धी रिकामी झाल्यावर आतल्या हवेचे प्रमाण वाढते, म्हणून उरलेला द्रव काठोकाठ भरेल अशा छोट्या काचेच्या कुपीत ओतून बूच घट्ट लावणे हिताचे असते. कनौजचे पारंपरिक अत्तर अशा परफ्यूमहून वेगळे असते. ते अल्कोहोलऐवजी चंदनतेलात उतरवले जात असल्याने लवकर उडून जात नाही, आणि तेथे ऊर्ध्वपातनानंतर उरलेला ओलावा निघून जावा म्हणून ते उंटाच्या कातड्याच्या कुप्यांमध्ये ठेवण्याची रीत आहे. घरी आणल्यावर मात्र अत्तरालाही अंधार, गारवा आणि काच हेच मानवते.