फॉक्सप्रो ते एक्सेल: येवल्याच्या हिशेबाची वाट

नव्वदच्या दशकात येवल्यासारख्या तालुक्याच्या गावी संगणक शिरला तो हिशेबासाठी. पतसंस्थेची खाती, अडत्याची कांद्याची पट्टी, पैठणीवाल्याचा रेशीम-जरीचा साठा, विणकरांची मजुरी. असे कितीतरी प्रोग्राम फॉक्सप्रो या डेटाबेस-भाषेत लिहिलेले आणि माहिती तिच्या डीबीएफ फायलींत. मालकाला जरा वेगळा तक्ता हवा असला, की प्रोग्रामरची वाट बघणं आलं. हिशेब आपला, पण किल्ली दुसऱ्याकडे!

ही अडचण सोडवणारी सोय १९९२ मध्ये आली. प्रोग्रामने डेटाबेसशी कसं बोलावं याचे नियम एसक्यूएल अ‍ॅक्सेस ग्रुप हा कंपन्यांचा गट आखत होता; त्या आधारावर मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी आणलं. प्रोग्रामने फक्त डीएसएनचं, म्हणजे आधी नोंदवून ठेवलेल्या डेटाबेस-जोडणीचं, नाव सांगायचं. ड्रायव्हर मॅनेजर योग्य तो ड्रायव्हर उचलतो आणि पलीकडे डीबीएफ आहे की ओरॅकल, ते ड्रायव्हर बघून घेतो. १९९७ मध्ये जावासाठी याच धर्तीवर जेडीबीसी आलं.

दुकानदाराच्या हाती ही सोय खऱ्या अर्थाने पडली ती टॅली या हिशेबाच्या प्रोग्राममुळे, असं मला वाटतं. टॅली चालू ठेवायचं, त्याचं ९००० क्रमांकाचं पोर्ट उघडं ठेवायचं आणि एक्सेलमधून खात्यांची नावं व शिल्लक मागायची. लग्नसराईपूर्वी कोणाकडे किती येणं आहे, ही यादी दुकानदार स्वतः काढू शकला. त्यासाठी कोणाच्या विनवण्या नकोत.

मराठीचं दुखणं मात्र लांबलं. श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टांत टाइप केलेलं विणकराचं नाव फायलीत इंग्रजी अक्षरांच्याच कोडमध्ये साठायचं. ड्रायव्हर ते जसंच्या तसं पोचवी आणि दुसऱ्या प्रोग्राममध्ये अर्थहीन अक्षरं उमटत. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, ओडीबीसीने १९९७ मध्ये ३.५ आवृत्तीत युनिकोड स्वीकारलं, विंडोज २००० मध्ये देवनागरी नीट दिसू लागली. तरी एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये रकाना एनव्हारचार या युनिकोड प्रकारचा नसला, किंवा मराठी मजकुरापुढे ‘एन’ लावायचा राहिला, तर नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं साठत. तिथे ड्रायव्हर निर्दोष असायचा, पण माणसाचं नाव कायमचं गेलेलं असायचं. हे नुकसान मला सगळ्यांत मोठं वाटतं.

फॉक्सप्रोला असलेला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. त्याचा ओडीबीसी ड्रायव्हर ३२ बिटीच राहिला, त्यामुळे ६४ बिटी एक्सेलला तो दिसत नाही. ३२ बिटी ओडीबीसीची खिडकी विंडोजच्या सिसवाऊ६४ या फोल्डरमध्ये असते, नावावरून कोणालाही उलटं वाटेल अशा ठिकाणी. कपाटातल्या जुन्या संगणकात वीस वर्षांपूर्वीच्या मजुरीच्या डीबीएफ फायली अजून असतील, तर तो ड्रायव्हर चालतो आहे तोवर त्या उतरवून, नावं युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत.