बूढापारा: तलावाकाठची वस्ती आणि फसलेला उठाव

रायपूरला आलेला मराठी पाहुणा बूढापाऱ्यात शिरतो तो बहुधा विवेकानंदांसाठी. तलावातल्या बेटावर स्वामीजींचा ३७ फुटी पुतळा आहे आणि तलावाचं सरकारी नावही विवेकानंद सरोवर असंच आहे. पण ई-रिक्षावाल्याला 'बूढा तालाब' म्हटलं की तो काही न विचारता निघतो. बूढादेव हे गोंडांचं दैवत, आणि तलावाचं नाव त्याच्यावरून पडल्याचं इथले लोक सांगतात. तलावाचा पसारा पूर्वी आताच्या कितीतरी पट होता. रायपूरच्या हैहय राजांचा किल्ला हा तलाव आणि शेजारचा महाराजबंध यांच्या पाण्याच्या आधाराने उभा होता. किल्ला नाहीसा झाला, तलाव आक्रसला, आणि मोकळ्या झालेल्या काठांवर वस्ती सरकत आली.

हा बंगाली पारा, म्हणजे मोहल्ला. कालीबाडी इथून जवळच आहे. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, वडिलांच्या मागोमाग इथे आला, तेव्हा रायपूरपर्यंत रेल्वे नव्हती आणि नागपूरनंतरची वाट बैलगाडीने कापावी लागली होती. दत्त कुटुंब राहिलं ते डे भवनात. पुढे याच घरातला हरिनाथ डे चौतीस भाषा जाणणारा पंडित म्हणून नावारूपाला आला. मध्य प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल यांचं घरही बूढापाऱ्यातच. मराठी माणसाला थोडं थांबायला लावेल ती माधवराव सप्रे शाळा. 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक १९०० मध्ये काढणारे, दासबोध आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे सप्रे मराठी घरातले. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना अटक झाली आणि १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचं निधन झालं. त्यांचे सहकारी वामनराव लाखे हेही मराठीच. लाख्यांनी सरकारने दिलेली पदवी १९२० मध्ये परत केली.

इतकी नावं एका पाऱ्यात म्हटल्यावर स्थळदर्शनाची यादी इथेच भरते आणि पाहुणा चहा घेऊन परत फिरतो. मला ज्याच्याविषयी लिहायचं आहे तो माणूस या यादीत नाही. त्याचं घर कुठे होतं, तो दिसायला कसा होता, तो मेला कुठे, यातलं काहीच रायपूरला दाखवता येत नाही. त्याचं नाव हनुमानसिंह. १८ जानेवारी १८५८ च्या रात्री हे शहर इंग्रजांच्या हातून काढून घेण्याचा प्रयत्न त्याने केला.

ही गोष्ट त्याच्या आधी सुरू होते, सोनाखानला. रायपूरच्या ईशान्येच्या जंगलपट्ट्यातली ही बिंझवार आदिवासींची जमीनदारी. नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये खालसा झालं आणि त्याबरोबर छत्तीसगढही कंपनीच्या थेट अमलाखाली आलं. रायपूरला चार्ल्स इलियट डेप्युटी कमिशनर म्हणून बसला. दोनच वर्षांत, १८५६ मध्ये, दुष्काळ पडला. कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याकडे धान्याची कोठारं भरलेली होती आणि तो ती उघडेना. सोनाखानचा जमीनदार नारायणसिंह याने ती फोडली आणि धान्य रयतेत वाटलं. विशेष म्हणजे, आपण हे का केलं ते त्याने स्वतःच सरकारला कळवलं. सरकारच्या लेखी तो दरोडाच होता. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्याला संबलपुरात पकडून रायपूरच्या तुरुंगात टाकलं.

२८ ऑगस्ट १८५७ ला तो तुरुंगातून निसटला. रायपूरच्या पलटणीतल्या शिपायांनी हात दिला असं मानलं जातं, आणि पुढचं जे घडलं ते पाहता ते पटण्यासारखं आहे. सोनाखानला परतून त्याने पाचशेच्या आसपास माणसं उभी केली. लेफ्टनंट स्मिथ फौज घेऊन गेला. देवरीच्या जमीनदाराने, म्हणजे आपल्याच माणसाने, इंग्रजांना साथ दिली. डिसेंबरच्या सुरुवातीला नारायणसिंह शरण आला आणि १० डिसेंबर १८५७ ला रायपुरात त्याला मृत्युदंड दिला गेला. आज त्या जागेला जयस्तंभ चौक म्हणतात. त्याला फाशी दिली की तोफेच्या तोंडी दिलं यावर वाद आहे. १९८७ च्या टपाल तिकिटावर तोफ आहे, अभ्यासकांचा मोठा वर्ग फाशीच्या बाजूचा आहे. मला या वादापेक्षा त्या दिवशीचे प्रेक्षक महत्त्वाचे वाटतात. पलटणीचे शिपाई तिथे रांगेत उभे केले होते. त्यांनी ते पाहावं यासाठीच तर तो सोहळा होता.

पाहणाऱ्यांच्या त्या फौजेत तिसऱ्या रेजिमेंटचा हनुमानसिंह होता. उत्तरेकडच्या बैसवाड्यातला राजपूत, वय पस्तिशीच्या आसपास, हुद्दा 'मॅगझिन लष्कर'. हुद्द्यातल्या 'लष्कर' या शब्दाने फसू नये. हा लढणारा शिपाईही नव्हे. दारूगोळ्याच्या कोठारात सामान हलवायचं, मोजायचं, राखायचं, हे त्याचं काम. पलटणीच्या उतरंडीत तो तळाशी होता, पण तोफांची दारू कुठे आहे आणि किती आहे हे अधिकाऱ्यांइतकंच त्यालाही ठाऊक होतं.

नारायणसिंहाच्या मृत्यूला सहा आठवडेही झाले नव्हते. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास हनुमानसिंह दोन साथीदारांसह सार्जंट मेजर सिडवेलच्या घरात शिरला आणि त्याने तलवारीने वार केले. सिडवेल मेला. तिथून तो छावणीत गेला, शिपायांना बाहेर पडण्यासाठी हाका घातल्या. काही तोफा हातात आल्या, काही माणसं बाहेर आली. बाकीची पलटण जागची हलली नाही. काही तासांत अधिकाऱ्यांनी लाइनींचा ताबा परत घेतला. सतरा जण पकडले गेले आणि हनुमानसिंह अंधारात नाहीसा झाला.

त्याला इथे 'छत्तीसगढचा मंगल पांडे' म्हणतात. हे गौरवाने म्हटलं जात असलं तरी माझ्या मते त्यात त्याच्यावर अन्यायच होतो. बराकपूरला मंगल पांडे २९ मार्च १८५७ ला जवळजवळ एकटा उभा राहिला. त्यामागे कट होता की क्षणाचा संताप, यावर आजही एकमत नाही. रायपूरला पकडल्या गेलेल्यांची यादी पाहिली तर वेगळं काही दिसतं. त्यात एका हवालदाराबरोबर गोलंदाज, म्हणजे तोफा डागणारे, होते. रायपुरात तेव्हा गोरे मोजकेच होते. तोफखाना आणि दारूकोठार एका हाती आलं असतं तर शहर आलं असतं. कोठारातला माणूस तोफेवरच्या माणसांना आधी जोडतो, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मला तरी त्यात आखणी दिसते.

सतरा जणांवर घाईघाईने खटला चालला आणि चौथ्याच दिवशी, २२ जानेवारी १८५८ ला, साऱ्या पलटणीसमोर त्यांना फासावर चढवलं. त्यांची नावं अशी: हवालदार गाझी खान, अब्दुल हयात, मल्लू, शिवनारायण, पन्नालाल, मातादीन, ठाकूरसिंह, अकबर हुसैन, बल्ली दुबे, लल्लासिंह, बुद्धू, परमानंद, शोभाराम, दुर्गाप्रसाद, नजर मोहम्मद, शिवगोविंद आणि देवीदीन. ही यादी वाचताना एका धर्माची, एका जातीची रांग लावता येत नाही. हनुमानसिंहावर पाचशे रुपयांचं इनाम लागलं. तो कधीच सापडला नाही.

नागपूरच्या वाचकाला यात एक ओळखीचा धागा सापडेल. रायपूरची ही पलटण खालसा झालेल्या नागपूर राज्यासाठी उभारलेल्या इरेग्युलर फौजेचीच होती. खुद्द नागपुरातही १३ जून १८५७ च्या रात्री उठाव ठरला होता. शहरातून तीन अग्निफुगे आकाशात चढले की टाकळीच्या छावणीतल्या घोडदळाने निघायचं, असा संकेत होता. बेत आधीच फुटला, आणि राजघराण्यातल्या बांकाबाईंच्या वजनामुळे भोसल्यांची मंडळीही शांत राहिली. नागपूरचं फसलेलं पाहूनही सात महिन्यांनी रायपूरचा एक कोठारवाला तेच करू धजला.

सात समुद्रांपलीकडच्या एका शहरात अशीच गोष्ट घडली होती, पस्तीस वर्षं आधी. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलायना राज्यात चार्ल्सटन हे बंदर. तिथला डेन्मार्क व्हेसी हा सुतार पूर्वी गुलाम होता. १७९९ मध्ये त्याला दीड हजार डॉलरची लॉटरी लागली, त्यातले सहाशे मालकाला देऊन त्याने स्वतःला सोडवलं. बायकोमुलांना मात्र सोडवता आलं नाही. पुढे त्याने शहरातल्या आणि आसपासच्या मळ्यांवरच्या गुलामांना जोडून उठावाचा बेत रचला: शस्त्रागार घ्यायचं, शहर पेटवायचं आणि जहाजांनी हैतीकडे निघायचं. तारीख ठरली १८२२ ची १४ जुलै, फ्रेंच राज्यक्रांतीतल्या बॅस्टिलच्या पाडावाचा दिवस. गुलामांपैकीच काहींनी मालकांना खबर दिली. २ जुलैला व्हेसीला फाशी झाली आणि उन्हाळा सरेपर्यंत एकूण पस्तीस जणांना. मुख्य म्हणजे, एकही गोरा मरण्याआधी हे सगळं झालं.

रायपूरचे शिपाई गुलाम नव्हते. त्यांना पगार होता, रजा होती, गावी पाठवायला पैसे होते. त्यांना गुलाम म्हणणं गुलामांवरच अन्याय करणारं ठरेल. मराठीत अमेरिकेतल्या गुलामीचा विषय ज्यांनी १८७३ मध्येच ऐरणीवर आणला, 'गुलामगिरी' हा ग्रंथ तिथल्या मुक्तिदात्यांना अर्पण केला, त्या जोतीराव फुल्यांना सत्तावनच्या उठावाचं फारसं कौतुक नव्हतं, हेही इथे आठवायला हवं. पण व्हेसीची आणि हनुमानसिंहाची कहाणी शेजारी ठेवाविशी वाटते ती दुसऱ्याच कारणाने. फसलेल्या कटाचा पुरावा कटवाल्यांकडे नसतो. लिहिलं असतं तर तो कट राहिला नसता. मागे उरतो तो न्यायालयाचा कागद, आणि तो लिहिणारा फाशी देणाऱ्याच्याच बाजूचा. व्हेसीच्या बाबतीत तर काही इतिहासकार असंही म्हणतात की कट फारसा नव्हताच, भेदरलेल्या न्यायालयाने तो फुगवला. रायपुरात मात्र सिडवेलचं प्रेत होतं. त्यामुळे 'घडलं का' हा प्रश्न उरत नाही. प्रश्न उरतो तो 'काय ठरलं होतं' हा. खजिना घ्यायचा होता? सोनाखानच्या जंगलात परत जायचं होतं? की उत्तरेकडे, आपापल्या गावांकडे, जिथे लखनौ अजून बंडवाल्यांच्या हाती होतं? ज्याला याचं उत्तर ठाऊक होतं तो निसटला, आणि निसटल्यामुळेच त्याचा जबाब कुठल्या फाइलीत नाही.

चार्ल्सटनने व्हेसीचा पुतळा उभारायला १९२ वर्षं घेतली. हॅम्पटन पार्कमध्ये तो २०१४ साली उभा राहिला, हातात सुताराच्या हत्यारांची पिशवी. चेहरा शिल्पकाराच्या कल्पनेतला, कारण चित्र कुणी काढलंच नव्हतं. रायपुरात नारायणसिंहाला चौक आहे, पुतळा आहे आणि देशभर टीव्हीवर दिसणारं क्रिकेट स्टेडियम आहे. हनुमानसिंहाच्या वाट्याला आला तो एक पुरस्कार. छत्तीसगढ शासन क्रीडा प्रशिक्षकांना 'वीर हनुमानसिंह पुरस्कार' देतं. दारूकोठारातल्या माणसाचं नाव प्रशिक्षकांच्या पदकावर का कोरावं, हे मला उलगडलेलं नाही, पण सरकारी कल्पकतेला असे झटके येतात. बूढा तलावाच्या काठीच शहराचं इनडोअर स्टेडियम आहे. तिथे घाम गाळणाऱ्या मुलांच्या कानावर ते नाव एखादेवेळी पडतही असेल.

याच काठावर काही वर्षांपूर्वीपर्यंत रायपूरचं धरणास्थळ होतं. अंगणवाडी सेविका, कंत्राटी कर्मचारी, शिक्षक, मितानिन म्हणजे गावोगावच्या आरोग्यसेविका, सगळ्यांचे तंबू इथेच पडत. बूढापाऱ्याचे रहिवासी आणि दुकानदार लाउडस्पीकरला आणि वाहतूक कोंडीला कंटाळले होते, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. २०२२ मध्ये ही जागा शहराबाहेर, नवा रायपूरमधल्या तूता गावाकडे हलवली गेली. आता काठ फिरायला आलेल्या कुटुंबांचा झाला आहे, कारंजी आणि खाऊच्या गाड्यांसह.

जायचं असेल तर: नागपूरहून रायपूर रेल्वेने सुमारे ३०० किलोमीटर. स्टेशनापासून बूढापारा तीनेक किलोमीटरवर आहे आणि वाटेत जयस्तंभ चौक लागतो. तिथे उतरून पायी आलात तर सदर बाजार ओलांडून कोतवालीवरून अर्ध्या तासात तलावाशी पोचाल. मधेच तात्यापाऱ्याकडे वळलात तर मराठी कानावर पडेल. पोलीस लाइन तलावाच्या पलीकडे आहे. सतरा जणांच्या फाशीची जागा म्हणून रायपूरकर तीच दाखवतात. जानेवारीत जाणं उत्तम. मे महिन्यात रायपूरचं ऊन पंचेचाळिशीला भिडतं आणि दुपारी तलावाच्या काठी फेरीवालाही थांबत नाही.