परसांतील पाहुणे आणि त्यांचा शिधा

कोल्हापुरांतील खतांच्या दुकानांत हल्लीं ॲझोटोबॅक्टर, रायझोबियम अशा नांवांचीं जीवाणु-खतांचीं पुडकीं सहज मिळतात. परसांत चार वाफे किंवा गच्चीवर दहा कुंड्या असलेलीं सुशिक्षित कुटुंबें तीं मोठ्या हौसेनें आणतात, वांग्या-मिरचीच्या रोपांस लावतात, आणि महिन्याभरानें ‘या भुकटींत कांहीं अर्थ नाहीं’ असा निकाल देऊन मोकळीं होतात. पाहुण्यास आमंत्रण धाडावें आणि घरांत शिधा मात्र भरून ठेवूं नये, असाच हा प्रकार आहे. पाहुणा उपाशी राहिला, तर दोष त्याचा कसा म्हणावा?

या पुडक्यांत असतें तरी काय, तें प्रथम पाहूं. हवेचा सुमारें ७८ टक्के भाग नत्रवायूचा आहे. परंतु वनस्पतींस तो थेट घेतां येत नाहीं. समुद्रांत तहानलेल्या माणसाची जी गत, तीच त्यांची. हा नत्र त्यांस पचेल अशा रूपांत आणण्याचें काम कांहीं सूक्ष्म जंतु करितात. हॉलंडमधील बेयरिंक या शास्त्रज्ञानें १८८८ सालीं द्विदल वनस्पतींच्या मुळांवरील गांठींतून रायझोबियम वेगळा काढला, आणि १९०१ सालीं ॲझोटोबॅक्टरचें वर्णन केलें. घेवडा, गवार किंवा चवळी यांचें एखादें रोप हलक्या हातानें उपटून मुळावरील गांठ नखानें फोडावी. आंत गुलाबी-तांबूस रंग दिसला, तर काम चालू आहे असें समजावें.

रायझोबियम हा घरजांवयासारखा आहे. तो गांठींत राहतो, झाडाची साखर खातो आणि मोबदल्यांत नत्र देतो. ॲझोटोबॅक्टर मात्र बाहेर मातींत मोकळा राहतो. वांगीं, टोमॅटो, मिरची, कोबी यांस तोच उपयोगी. त्याचें अन्न म्हणजे मातींतील कुजलेले सेंद्रिय पदार्थ. अडकून पडलेला स्फुरद विरघळविणाऱ्या जंतूंची गोष्टहि तीच. ज्या मातींत पालापाचोळ्याचा वा शेणाचा अंशच नाहीं, तेथें हे जंतु घालणें म्हणजे थंड चुलीवर भांडें चढविणें होय.

आपल्या पूर्वजांस जंतु दिसले नव्हते, पण शिध्याचें महत्त्व ठाऊक होतें. ‘कृषिपराशर’ या संस्कृत ग्रंथांत माघ महिन्यांत खताच्या ढिगाची पूजा करून तो खणावा, खत उन्हांत वाळवावें, फाल्गुनांत शेतांतील खड्ड्यांत भरावें आणि पेरणीच्या वेळीं पसरावें, असा विधि सांगितला आहे. याच विचारास शास्त्रीय शिस्त इंदूर येथें लाभली. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनीं यशवंत वाड या सहकाऱ्यासह काडीकचरा, शेण, मूत्राची माती आणि राख यांचे थर देऊन, ढीग उलथापालथा करून सुमारें तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली, आणि दोघांचा ग्रंथ १९३१ सालीं प्रसिद्ध झाला.

आपल्या जिल्ह्यासहि अशा प्रयत्नांचा वारसा आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठांत गणित शिकविणारे श्रीपाद अच्युत दाभोळकर (१९२४–२००१) यांनीं ‘प्रयोग परिवार’ उभा केला. सूर्यप्रकाश, टाकाऊ पालापाचोळा आणि थोडीशी जागा एवढ्या भांडवलावर कुटुंबास भाजी पिकवितां येते, हें त्यांचें सांगणें होतें.

हा केवळ हौसेचा विषय नव्हे. नृसिंहवाडीच्या परिसरांतील, कृष्णा-पंचगंगेच्या कांठचा शिरोळ तालुका पाहावा. तेथील हजारों एकर सुपीक जमीन अति पाण्यानें व निचरा नसल्यानें क्षारपड झाली. अशा जमिनीस केवळ खत पुरत नाहीं. जमिनीखालीं सच्छिद्र नळ घालून पाणी काढून द्यावें लागतें. बिघडलेली माती सुधारणें किती कष्टाचें व खर्चाचें असतें, हें त्यावरून कळेल. म्हणून जी माती अद्याप चांगली आहे, तिचें पोषण आजच करावें.

आतां प्रत्यक्ष कृति. एकत्र कुटुंबांत भाजीचे देठ, फळांच्या साली व चहाचा चोथा रोज निघतो. देवघरांतील निर्माल्यहि दोरे काढून यांतच घालावें. पंचगंगेंत सोडूं नये. तळास भोंकें असलेल्या पिंपांत तीन भाग वाळका पाला व एक भाग ओला कचरा असे थर द्यावे, मधून मधून थोडें शेण व माती टाकावी. ओलावा असा असावा कीं मुठींत दाबल्यास गोळा व्हावा, पण पाणी गळूं नये. पंधरवड्यानें वरखालीं करावें. तीन-चार महिन्यांत पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येऊं लागला, म्हणजे खत तयार झालें. भाजीच्या वाफ्यास दर चौरस मीटरास दोन-अडीच किलो पुरतें. ताजें शेण मात्र घालूं नये. त्यानें हुमणीचा उपद्रव होतो, आणि कच्च्या खाण्याच्या भाज्यांस तर तें अपायकारक आहे.

शिधा असा भरला, कीं मग पाहुण्यास बोलवावें. दहा किलो बियाण्यास अडीचशे ग्रॅम जीवाणु-खत हें शेताचें प्रमाण. घरच्या मूठभर बियांस अर्धा चमचा पुष्कळ झाला. तें आपल्या कोल्हापुरी गुळाच्या पाण्यांत कालवून बियांस चोळावें, सावलींत सुकवावें व लगेच पेरावें. रोपें असतील, तर लावण्यापूर्वीं त्यांचीं मुळें या द्रावणांत बुडवून घ्यावीं. पुडकें उन्हांत ठेवूं नये, त्यावरील मुदत पाहून घ्यावी, आणि रासायनिक खतांत वा बुरशीनाशकांत तें मिसळूं नये.

एवढ्यावरहि कोणास शंका असेल, तर घरांतील मुलांकडून एक प्रयोग करवावा. एकाच मापाच्या चार कुंड्या घ्याव्या: एकींत नुसती माती, दुसरींत माती व जीवाणु-खत, तिसरींत माती व कुजलेलें खत, आणि चौथींत तिन्ही. चारींत एकाच दिवशीं मेथी पेरून पाणीहि सारखेंच घालावें. दर आठवड्यास उंची मोजून वहींत नोंदवावी, आणि कापणीच्या वेळीं जुडी तोलून पाहावी. पुडक्याचा निकाल मग कोणाच्या मतावर अवलंबून राहणार नाहीं. मुलांची वहीच तो सांगेल.