पहिला घोट कडूच लागणार!

या आठवड्याचा विषय बिअर आहे म्हणून दचकू नका. मी प्यायला नाही, विकायला शिकवतोय.

परवा दुकान बंद करून शीवहून लोकल पकडली, दादरला गाडी बदलली आणि लोअर परळला उतरलो. मथुरादास मिल कंपाउंड. जिथे एकेकाळी कापडाची गिरणी होती, तिथेच २०१३ मध्ये मुंबईतलं पहिलं ब्रूपब सुरू झालं. त्याआधी २००९ मध्ये पुण्यात डूलाली आलं होतं. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचं. इंग्रज सैनिकांच्या तोंडी त्याचं 'डूलाली' झालं.

मी इंडिया पेल एल, म्हणजे आयपीए मागवली. वेटर म्हणाला, "सर, आधी थोडी चाखून बघा. सगळ्यांना झेपत नाही." आणि छोटा ग्लास ठेवला.

वास घेतला तर मोसंबीची ताजी साल! खूश होऊन घोट घेतला आणि तोंड वाकडं झालं. कारल्याचा रस परवडला! दुसऱ्या घोटाला पपनसाच्या पांढऱ्या सालीसारखी चव लागली. तिसऱ्याला कडूपणाच्या मागून माल्टचा गोडवा आला. मग मात्र पूर्ण ग्लास मागवला.

हा कडूपणा हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांचा. रस उकळताना सुरुवातीला हॉप्स घातले की कडूपणा उतरतो, शेवटी घातले की सुगंध राहतो. कडूपणा मोजायचं एकक आहे, आयबीयू. साधी लागर साधारण १० ते २०, आयपीए ४० ते ७०.

आता धंद्याची गोष्ट. अठराव्या शतकाच्या शेवटी लंडनच्या बो भागातला हॉजसन भारतात बिअर पाठवायचा. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं, प्रवासाला कित्येक महिने लागायचे. जास्त हॉप्समुळे माल टिकायचा. पण हॉजसनची बिअरच का चालली? त्याची ब्रुअरी गोदीजवळ होती आणि तो जहाजांच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी द्यायचा. पुढे १८२० च्या सुमारास त्याच्या वारसांनी भाव वाढवले, उधारी आवळली. लगेच बर्टन गावचा ऑलसॉप मैदानात उतरला. तिथल्या जिप्समयुक्त पाण्यात हॉप्सची चव आणखी खुलायची. बाजार हातचा गेला!

हे वाचताना मला माझाच लाडू आठवला. आई दुकानासाठी डिंक-मेथीचे लाडू करायची, चांगले कडू. काही नवीन गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली म्हणून मी मेथी निम्मी केली, गूळ वाढवला. बीबीए केलेला मी, 'मार्केट फीडबॅक' म्हणत होतो! आई एवढंच म्हणाली, "तुझं दुकान, तू बघ." त्या हिवाळ्यात लाडू पडून राहिले. एक जुने काका म्हणाले, "अरे, असा लाडू कुठेही मिळतो. मग तुझ्याकडे कशाला येऊ?"

तेव्हा उत्तर नव्हतं. त्या छोट्या ग्लासात मिळालं. वेटरने बिअर गोड केली नाही. त्याने मला आधीच सावध केलं आणि घोटभर चाखवलं, बस.

यंदा मेथी पूर्ववत केली. बरणीवर लिहिलं, 'कडू आहे, आधी चाखा.' काउंटरवर सुपारीएवढे तुकडे ठेवले. काही जण तोंड वाकडं करून गेले, जाऊ देत. काका मात्र दोन डबे घेऊन गेले.

तर तीन गोष्टी वहीत लिहा:

१. तुमच्या मालाची वेगळी चव कोणती, ते ठरवा. ती सगळ्यांना आवडणार नाही, हे मान्य करा.

२. वेगळेपण लपवू नका, आधीच सांगा. फसलेलं गिऱ्हाईक परत येत नाही, सावध केलेलं येतं.

३. चाखायला द्या, पण छोटं. नमुन्याचा खर्च किमतीत धरा.

आणि हो, जुन्या गिऱ्हाइकाला गृहीत धरू नका. हॉजसनच्या वारसांनी धरलं होतं.

तुमच्या धंद्यातली 'मेथी' कोणती? आज रात्री गल्ला मोजताना विचार करा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!