लेखकाचे घड्याळ

स्वतंत्र लेखकाच्या डोक्यावर साहेब नसतो, हे त्याचे सुख आहे आणि संकटही आहे. कारकुनाला वेळेवर कचेरी गाठावीच लागते. लेखकाला मात्र ‘आज लिहावे की उद्या?’ हा प्रश्न रोज नव्याने पडतो. लिहिण्याची शक्ती त्या विचारातच खर्ची पडते आणि पुस्तक अर्धेच राहते.

इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप याने हा निर्णय एकदाच करून टाकला. १८३४ ते १८६७ तो टपालखात्यात नोकरीस होता. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे. पहिला अर्धा तास आदल्या दिवशीचे लेखन वाची. मग घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांस २५० शब्द लिही. झालेली पाने रोजच्या रोज वहीत मांडी. चुकलेला दिवस तिथे डोळ्यांत खुपे. त्याच्या एकंदर ४७ कादंबऱ्या झाल्या.

त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, आत्मचरित्रातून हा हिशेब बाहेर पडला, तेव्हा अनेक रसिकांनी नाके मुरडली. प्रतिभा का घड्याळावर चालते? आम्हीही म्हणतो, चालत नाही. घड्याळ प्रतिभा देत नाही; ते लेखकाला मेजाशी आणून बसवते, एवढेच. पण प्रतिभा आली आणि लेखकच जागेवर नसला, तर काय उपयोग?

आपणांपैकी कोणी लिहीत असेल, त्याने २५० चा आकडा उचलू नये. आपल्याला झेपेल तेवढाच ठरवावा. पण तो एकदा ठरल्यावर रोज त्याचा वाद घालू नये. तळे साचते ते थेंबानेच. मात्र थेंब रोज पडावा लागतो.