प्रतिपिंडांची पारख

यमुनेच्या पूर्व तीरावर, दिल्लीच्या नोएडाकडील कडेला मयूर विहार ही वसाहत पसरली आहे. कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास नदीकाठचे धुके आणि शहराचा धूर एकमेकांत मिसळतात आणि घराघरांतून खोकल्याचे आवाज ऐकू येऊ लागतात. बहुतेकांचा हा खोकला हवा निवळली की ओसरतो. परंतु एखादे बालक असेही असते की, ज्याचे नाक जन्मापासून बाराही महिने वाहते आणि ज्याचा ओला खोकला कोणत्याच ऋतूत थांबत नाही. ‘हवाच वाईट’ असे म्हणून घरची माणसे स्वतःची समजूत घालतात. दोष हवेचा की जन्मजात, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. त्याच्या उत्तरासाठी ज्या परीक्षा होतात, त्यांतील एक तर प्रयोगशाळेतील एका चिमुकल्या कुपीवर सर्वस्वी अवलंबून असते.

माणसाच्या श्वासमार्गातील पेशींवर केसांसारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. एकेका पेशीवर त्या सुमारे २०० असतात. सेकंदाला १० ते १५ वेळा त्या वल्ह्यांप्रमाणे एका लयीत हलतात आणि धूळ व जंतू अडकलेला चिकट कफ घशाकडे लोटीत राहतात. प्रत्येक पक्ष्माभिकेत कडेने सूक्ष्मनलिकांच्या नऊ जोड्या आणि मध्यभागी दोन सुट्या नलिका असतात. कडेच्या जोड्यांना डायनीन या प्रथिनाचे हात असतात. हे हात शेजारच्या जोडीला ओढतात, तेव्हा पक्ष्माभिका वाकते.

हे हातच नसले तर काय होते? १९३३ साली झुरिच येथील वैद्य मानेस कार्टाजेनर यांनी असे रुग्ण वर्णिले की, ज्यांचे हृदय उजवीकडे होते, नाकाभोवतीच्या पोकळ्या सुजलेल्या होत्या आणि श्वासनलिका फुगलेल्या होत्या. या तिन्ही गोष्टींचा परस्परांशी संबंध काय, हे कोडे १९७६ मध्ये स्वीडनच्या ब्यॉर्न आफ्झेलियस यांनी उलगडले. अशा रुग्णांच्या पक्ष्माभिकांत डायनीनचे हातच नाहीत, असे त्यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली आढळले. पुढे २००२ मध्ये डीएनएएच-५ या जनुकातील दोष या रोगास कारण होतो, हे सिद्ध झाले. या जनुकापासून घडणारे प्रथिन प्रचंड असून त्यात ४,६२४ अमिनो आम्ले असतात.

हे प्रथिन जागेवर आहे की नाही, हे पाहण्यासाठी प्रतिपिंड वापरतात. शरीर परक्या पदार्थाविरुद्ध जी नेमकी चिकटणारी प्रथिने निर्माण करते, ती प्रतिपिंडे होत. रुग्णाच्या नाकातून मऊ ब्रशाने काही पेशी काढावयाच्या, त्यांवर प्रतिपिंड सोडावयाचे आणि त्याला जोडलेला रंग सूक्ष्मदर्शकाखाली उजळतो का ते पाहावयाचे. निरोगी पेशीत पक्ष्माभिका टोकापासून बुडापर्यंत उजळते; सदोष पेशीत ती अंधारी राहते.

खरी अडचण येथेच आहे. या परीक्षेत रोगाचा पुरावा म्हणजे प्रकाशाचा अभाव होय. परंतु निकामी प्रतिपिंडही अंधारच दाखविते! याउलट जे प्रतिपिंड भलत्याच प्रथिनाला चिकटते, ते प्रकाश दाखवून रोग झाकून टाकते. डीएनएएच-९, डीएनएएच-११ ही या प्रथिनाची भावंडे असून त्यांचे काही भाग फार सारखे आहेत. नुसत्या आडनावावर पाठविलेले पत्र वाड्यातील कोणत्याही बिऱ्हाडात पोचावे, तसे सामाईक भागाविरुद्ध घडविलेल्या प्रतिपिंडाचे होते. म्हणून ते प्रथिनाच्या कोणत्या तुकड्याविरुद्ध घडविले आहे, हे प्रथम पाहावे लागते.

दुसरी पारख साक्षीदाराची. त्याच पेशीत पक्ष्माभिका आहेत, हे वेगळ्या रंगाने दाखवावे लागते. कारण जंतुसंसर्गाने त्या तात्पुरत्या झडलेल्याही असू शकतात. यासाठी ॲसिटिलयुक्त ट्युब्युलिन ओळखणारे, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेले एक प्रतिपिंड फार प्रचारात आहे. ते उंदरापासून मिळविलेले आहे. म्हणून डायनीनचे प्रतिपिंड सशापासून मिळविलेले घेणे सोयीचे असते. एरवी रंग वाहून नेणारी दुय्यम प्रतिपिंडे दोघांत गल्लत करतात.

तिसरी पारख सर्वांत कठोर आहे. ज्या पेशींत ते जनुकच निकामी झाले आहे, तेथे प्रतिपिंडाने गप्प राहिले पाहिजे. असे जीव पक्ष्माभिकांच्या अभ्यासात नवे नाहीत. २००३ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील व अमेरिकेतील संशोधकांनी किनेसिन-२ या वाहक प्रथिनात दोष असलेल्या फळमाश्या अभ्यासून दाखविले की, या प्रथिनावाचून त्यांच्या श्रवणेंद्रियातील पक्ष्माभिका घडत नाहीत, शुक्रपेशींच्या शेपट्या मात्र घडतात. जनुकाच्या अभावी काय दिसते हे ठाऊक असल्यावाचून त्याच्या अस्तित्वाबद्दल बोलणे धाडसाचे ठरते. २०१६ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने प्रतिपिंडे पारखण्याचे जे पाच मार्ग सुचविले, त्यांत जनुक निकामी करून पाहणे हा एक आहे. त्याच प्रथिनाच्या दुसऱ्या भागाला चिकटणाऱ्या स्वतंत्र प्रतिपिंडाशी निष्कर्ष ताडून पाहणे हा आणखी एक.

एका कामात उत्तम ठरलेले प्रतिपिंड दुसऱ्या कामात निरुपयोगी ठरू शकते. जेलमध्ये प्रथिन उलगडून पसरते, पेशीत ते घडी घातलेले असते. म्हणून ज्या रीतीने नमुना तयार करावयाचा, त्याच रीतीने प्रतिपिंडाची परीक्षा झाली पाहिजे. प्राण्यांच्या रक्तातून काढलेल्या मिश्र प्रतिपिंडांचा गुण दर खेपेस बदलतो. म्हणून नवी कुपी आली की निरोगी नमुन्यावर ती पुन्हा तपासावी लागते.

इतके करूनही या एकाच परीक्षेवर निदान सोपविता येत नाही. काही रुग्णांत प्रथिन जागेवर असते, पण काम करीत नाही. तेथे जनुकांची तपासणी आणि पक्ष्माभिकांच्या हालचालीचे चित्रण यांची जोड लागते. जन्मजात दोष वेळीच कळला, तर कफ काढण्याचे नित्य व्यायाम, जंतुसंसर्गावर तत्काळ उपचार आणि कानांची देखरेख यांनी त्या बालकाची फुप्फुसे व श्रवणशक्ती पुष्कळ जपता येतात. चुकीच्या कुपीमुळे हा दोष नजरेतून सुटला, तर मयूर विहारातील त्या घरात दर हिवाळ्यात हवेलाच बोल लावला जाईल आणि मधल्या काळात फुप्फुसांची झालेली हानी भरून येणार नाही.